चाकांच्या उंचीवरची खिडकी

वेणूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्याकडे तिला सांगायची एक गाडी शिल्लक होती. सोमवारी कॉलेजला परतताना अलिबागच्या एसटी स्टँडबाहेर मी ती पाहिली होती. जुनी स्कूटर, तिच्या अंगाला आडवा निजवलेला फ्रीज आणि फ्रीजच्या खाली तिसरं चाक. फ्रीजचं दार वर उघडायचं आणि आत बर्फात बांगडे. मी माझी बस सोडून दिली, मासेवाल्याला आत्याचे नेहमीचे दोन्ही प्रश्न विचारले, उत्तरं वहीच्या मागच्या पानावर लिहिली आणि बाजूला गाडीचं चित्र काढलं. फोनवर सांगितलेलं आत्याला चालायचं नाही. 'फोनवर चाक दिसत न्हाय,' असं ती म्हणायची. म्हणून मी शनिवारची वाट पाहत होते. गुरुवारी ड्रॉइंगच्या तासाला बाबांचा फोन आला. बाबा तासाला कधी फोन करत नाहीत. 'आत्या गेली. ये तू,' एवढंच म्हणाले... आणि मग फोन बराच वेळ तसाच चालू राहिला. मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

त्याला आता सहा आठवडे झाले. लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, आणि गेले तीही सिव्हिलच्या डिप्लोमाला, तिथं लिहिण्यापेक्षा रेघा जास्त मारतात. पण आत्याबद्दल एक गोष्ट अशी आहे की ती लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. त्यात माझी एक चूकही आहे.

वेणूआत्या ही माझ्या बाबांची थोरली बहीण. नागाव आणि चौलच्या मधे आमची नारळा-सुपारीची छोटी वाडी आहे, तिच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात तिचं वेगळं घर. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले, तेव्हापासून ती बसूनच वावरायची. आधी तिच्याकडे एक फळी होती, खाली चार बेअरिंग ठोकलेली. दोन्ही हातांत लाकडाचे ठोकळे धरून ती ती फळी अशी पळवायची की आवाजावरून साऱ्या आळीला कळायचं, वेणू निघाली. पुढे कुठल्याशा शिबिरात तिला हातानं फिरवायची तीनचाकी सायकल मिळाली. सगळ्यांना आनंद झाला, तिला झाला नाही. आठवडाभर ती सायकलवर बसली आणि मग रेवदंड्याच्या एका वेल्डरकडे जाऊन तिनं तिची बैठक कापून पार खाली आणून घेतली. 'एवढ्या वर बसून मान्सांची टकलं बगू काय?' असं ती म्हणाली होती म्हणे. मला आठवते ती खाली आणलेलीच सायकल. मागे खराट्यांच्या जुड्या बांधलेल्या. झावळ्यांचे हीर सोलून ती खराटे करायची आणि शनिवार-रविवारी रस्त्याच्या कडेला ते विकायला बसायची. खरं तर खराटे हे निमित्त होतं. तिला गाड्या बघायच्या असायच्या.

साध्या गाड्या नव्हेत. कंपनीतून आली तशी धावणारी गाडी कितीही मोठी असली तरी ती मान वळवायची नाही. पण कुणी काही जोडलं असेल, कापलं असेल, एकाचं दुसऱ्याला लावलं असेल, तर हात वर करून ती गाडी थांबवायचीच. आणि प्रत्येकाला तिचे दोनच प्रश्न असत. 'कोनी केली?' आणि त्यानंतर, 'कुठं अडलं?' पहिल्या प्रश्नाला लोक एका शब्दात उत्तर देत. दुसऱ्या प्रश्नाला मात्र गाडीवरून खाली उतरत. सुऱ्या-विळ्यांना धार लावणारा एक जण सायकलवरून यायचा. स्टँडवर उभी केली की त्याच सायकलचं सहाणेचं यंत्र व्हायचं, पेडल मारलं की दगड फिरायचा. मी ते शंभरदा पाहिलं होतं, मला त्यात काही वाटलं नव्हतं. आत्यानं विचारलं, 'कुठं अडलं?' तसा तो मांडी घालून खाली बसला. पावसाळ्यात पट्टा सटकायचा, चामड्याचा करून पाहिला, दोरीचा करून पाहिला, शेवटी जुन्या ट्यूबची पट्टी कापून घातली तेव्हा धरला... अर्धा तास तो सांगत होता. निघताना आमचा कोयता त्यानं आपणहून घासून दिला.

एकदा पुण्याचं एक जोडपं मोठी गाडी घेऊन आलं. आत पलंग, शेगडी, पडदे, सगळं घरच. त्यांनी समुद्राचा रस्ता विचारला. आत्या म्हणाली, 'रस्ता सांगते, आदी दार उगडा.' त्यांनी हसत दार उघडलं. तिनं हातांवर अंग उचलून पायरीवर बसून आत डोकं घातलं.

'मोरी कुठं हाय?'

'ही इथे, आजी. फळी उचलली की.'

'झ्याक. कोनी केली?'

'कंपनीकडून करून घेतली,' तो गृहस्थ म्हणाला.

'मंग तुमी काय केलं?'

तो नुसता हसला. आत्या 'बरं' म्हणून मागे वळायला लागली, तेव्हा त्याची बायको घाईनं म्हणाली, 'ही चमच्यांची पिशवी मी शिवलीय.'

'आन बगू. कुठं अडलं?'

'वळणावर चमचे वाजायचे हो. डोकं उठायचं. मग प्रत्येकाला वेगळा कप्पा केला.'

आत्यानं एकेका कप्प्यात बोट घालून पाहिलं. 'हां,' ती म्हणाली, 'आता ही गाडी तुमची झाली. सरळ जावा नि देवळाकडशी डावीकडं वळा.'

घरांचंही तिचं तसंच. चौलला देवळात जायचं असलं की ती मला बरोबर घ्यायची आणि देवळाला पोचायला आम्हांला दुपार व्हायची, कारण वाटेत घरं असत. कुणी मोडक्या टमटमचं टप कोंबड्यांच्या खुराड्यावर बसवलेलं, कुणी फुटक्या कौलांचे तुकडे उभे लावून न्हाणीची भिंत केलेली. ती कुंपणाशी थांबून हाक मारायची. घरातली बाई कपाळाला आठ्या घालून बाहेर यायची आणि दुसऱ्या प्रश्नानंतर आम्हांला पाणी द्यायची. मला लाज वाटायची. मी नववी-दहावीत होते, रस्त्यावर कुणी ओळखीचं दिसेल म्हणून मी सायकलच्या मागे उभी राहायची. पण कान माझेही तिकडेच असत, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तिचं स्वतःचं घर तर तिनं हातानं केलेलं होतं. बाबांचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, नवी पोर येतेय, तिच्या पायात माझी फळी नको, मी माझं करते. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा गिलावा, वर कौलं, पुढे माडाच्या विणलेल्या झापांची उतरती पडवी. उंबरठा नाही, पायरी नाही, अंगणातून चढ घेत फळी थेट आत. भिंती तिनं बसून लिंपल्या. जिथवर तिचा हात पोचला तिथवर तिच्या बोटांचे पट्टे, आणि त्याच्या वरचं काम बाबांचं, कारण उभे राहणारे तेच. जमिनीपासून साधारण चार फुटांवर त्या दोन कामांची वेडीवाकडी रेघ अजून दिसते. दर पावसाळ्यात कुठंतरी गिलावा निघायचा, आणि निघायचा तो नेमका रेघेच्या वरचा. आत्या बाबांना दारातून ऐकवायची, 'बाबल्या, तुजं पडलं बग!' बाबा 'व्हय व्हय' करत घमेलं घेऊन जायचे, बाहेरच्या बाहेर लिंपून यायचे. आत ते फारसे कधी गेले नाहीत. दार इतकं बुटकं की कपाळ आपटायचं.

आणि त्या घराला एक खिडकी होती. चार फूट रुंद, दीड फूट उंच आणि जमिनीपासून जेमतेम एक फुटावर. उभं राहून पाहिलं तर तिच्यातून अंगणातली माती आणि चपला दिसायच्या.

दुसऱ्या वर्षाला आम्हांला एक काम दिलं होतं. गावातलं एखादं जुनं घर निवडायचं, मोजायचं, आराखडा काढायचा आणि बांधकामातले दोष लिहायचे. मी आत्याचं घर घेतलं. टेप घेऊन दोन दिवस मोजलं. ती हीर सोलत मजेत बघत होती. मी आठ दोष लिहिले. उंबरठा नाही. दाराची उंची अपुरी. खिडकी चुकीच्या पातळीवर, उजेड व वारा योग्य प्रकारे येत नाही. खिडकीवरची तुळई जुन्या वापरलेल्या लाकडाची, वाळवीची शक्यता... असे आठ. सरांनी खाली 'उत्तम' असा शेरा दिला. शनिवारी मी तो अहवाल तिला मोठ्यानं वाचून दाखवला. अभिमानानंच वाचला, खोटं कशाला बोलू. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, 'सगळं बराबर लिवलंस. उभ्या मान्सासारखं लिवलंस.' मला ते कौतुकच वाटलं. जगातल्या सगळ्या गाड्यांना आणि घरांना तिच्यासोबत तो दुसरा प्रश्न विचारत मी हिंडले होते. तिच्या घराबद्दल तिला तो विचारायचं मला सुचलंच नाही.

बाबांनी मात्र तो अहवाल डोक्यात ठेवला. गेल्या पावसाळ्यात चुलीमागचा वरचा गिलावा मोठा थोरला कोसळला आणि बाबांनी हट्टच धरला. स्वयंपाकघराच्या मागे आत्यासाठी पक्की खोली बांधायची. याआधी दोन वर्षं आत्या नाहीच म्हणत होती. बाबा म्हणाले, 'म्या न्हाय सांगत, तुज्या भाचीनं लिवलंय. आठ दोष हायत.' आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'पोरीनं लिवलंय तर जाऊ. आपल्यात शिकलेलं दुसरं कोन हाय?' म्हणजे ती बाबांसाठी गेली नाही, गिलाव्यासाठी गेली नाही. माझ्या शिक्षणाला मान देऊन गेली. त्या खोलीचा आराखडा मीच काढला. चढाची वाट केली, न्हाणीला धरायला दांडा केला, पाणी सांडलं तरी घसरणार नाही अशी लादी सांगितली. सगळं आठवणीनं केलं. खिडकी मात्र पुस्तकातल्या उंचीवर ठेवली.

त्या खोलीत आत्या चार महिने राहिली. कधी कुरकुर केली नाही. फक्त मी शनिवारी आले की विचारायची, 'काय काय गेलं गो रस्त्यावरशी?' आता ती फारशी बाहेर बसायची नाही, दम लागायचा. मी आठवडाभरात पाहिलेल्या गाड्या वहीत काढून आणायची आणि ती बोटानं चाकं चाचपडावीत तशी चित्रं चाचपडायची. एकदा तिला जेवणाचं ताट द्यायला मी खाली बसले आणि तिथंच थोडा वेळ टेकले. सहज वर पाहिलं. खिडकीत आभाळ होतं आणि दोन माडांचे शेंडे. आणखी काहीच नाही. माझ्या मनात काय आलं ते तिला कळलं असावं. 'नारळ मोजायला बरी हाय,' ती म्हणाली आणि भात कालवायला लागली. मी ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत गवंडी बोलावून ती खिडकी खाली घ्यायची. मनातच ठरवलं. बोलले नाही... त्यानंतर तीन आठवड्यांनी बाबांचा तो फोन आला.

तेराव्यानंतर बाबा म्हणाले, तिचं जुनं घर पाडून जागा मोकळी करू. आम्ही दोन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतो, शनिवारी गाड्या लावायला जागा कमी पडते. तिथं दोन गाड्या सहज बसतील. जेसीबीवाला सोमवारी येणार होता. मी म्हटलं, राहू दे ना बाबा. ते म्हणाले, 'कशाला? तूच लिवलंस ना, आठ दोष.' बाबा वाईट वागत होते असं मला म्हणायचं नाही. रिकाम्या घरासमोरून दिवसातून दहादा जायचं त्यांना जड जात असेल, असं आता वाटतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं आतलं सामान काढायला गेलो. कौलं उतरवायला शिडी भिंतीला लावून ठेवलेली होती. बाबांनी दारात कपाळ आपटून घेतलं, नेहमीसारखं. आत तिचे अर्धे सोललेले हीर पडले होते, ते बांधायला ते खाली बसले. बसले ते नेमके तिच्या जागेवर, खिडकीसमोर. मी त्यांच्या बाजूला बसले. आणि लहानपणी मी आत्याशेजारी इथं बसायची तेव्हा जे दिसायचं ते इतक्या वर्षांनी पुन्हा दिसलं. पडवीचं झाप वरून खाली आलेलं, समोर अंगण, कुंपणाच्या मेंदीचे उघडे बुंधे आणि त्यांच्या पलीकडे रस्त्याची लांब पट्टी. सगळं एका उंचीवर कापलेलं. गाडी येते ती नुसती चाकांची. माणूस येतो तो पायांचा. एसटीची मोठी चाकं गेली, एक सायकल गेली, शाळेच्या काळ्या बुटांचा एक जोड उड्या मारत गेला. आत्याला कुठल्याही गाडीचं चाक आधी का बघायचं असायचं, ते मला तेव्हा कळलं. तीस वर्षं तिनं जग असंच वाचलं होतं. कोण कशावर उभं आहे ते आधी.

बाबांचे हात थांबले होते. ते हीर धरून नुसते बघत होते. तेवढ्यात रस्त्यावरून तीन चाकं आली. दोन एकामागे एक, आणि बाजूला एक फारच लहान, थोडं तिरकं. तिसऱ्या चाकाच्या मागे पाण्याची बारीक धार रस्त्यावर गळत होती.

'आयला,' बाबा पुढे झुकले. 'ही कोनी केली गो?'

मला उत्तर माहीत होतं. वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं होतं. 'त्यानं आणि त्याच्या मेव्हण्यानं,' मी म्हटलं. 'चौलच्या पंक्चरच्या दुकानात. आडवा फ्रीज आहे तो, आत बर्फ नि मासळी.'

'फ्रीज! मंग अडलं कुठं त्यांचं?'

'तिसऱ्या चाकाला. बसेल असं मिळेना. शेवटी सिमेंट वाहायच्या ढकलगाडीचं लावलं.'

'तरीच वाकडी चालते,' बाबा म्हणाले आणि ती वळणावर दिसेनाशी होईतो बघत राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते दोन प्रश्न आपण विचारले हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. मग मी तो प्रश्न विचारला, जो आत्याला विचारायचा राहिला होता. 'बाबा, हे घर करताना कुठं अडलं होतं?'

त्यांनी खिडकीवरच्या लाकडाला हात लावला. 'हितंच,' ते म्हणाले. 'मी बोललो, खिडकी वर घे, येनारा-जानारा आत बगंल. ती बोलली, तू येकदा बस हितं आनि सांग काय दिसतं. मी न्हाय बसलो. दोन दिवस काम बंद, बोलनं बंद. तिला लांब लाकूड पायजे व्हतं वर घालाया. तिसऱ्या दिवशी बगतो तर गोठ्यातनं आमच्या बापाच्या बैलगाडीची दांडी वडत आनतेय. येकली. फळीवर बसून.'

अहवालात मी जिला 'जुनं वापरलेलं लाकूड' म्हटलं होतं ती ही दांडी.

'मग बसलात का तुम्ही?'

'न्हाय. दांडी बसवून दिली नि गेलो...'

एवढं बोलून ते पुन्हा बाहेर बघायला लागले. रस्त्यावर काही नव्हतं. एक कोंबडी अंगणातून चालत गेली. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि जेसीबीवाल्याला लावला. 'उद्या नको येवू,' ते म्हणाले. पलीकडून तो काहीतरी विचारत होता. 'न्हाय, परवापन नको.'

दिवाळीच्या सुट्टीत मी घर पुन्हा मोजलं. या वेळी बसून. टेपचं एक टोक जमिनीवर आणि दुसरं माझ्या डोळ्याशी धरलं, आणि आराखड्यावर त्या उंचीची एक आडवी रेघ मारली. ती बरोबर खिडकीतून बाहेर रस्त्यावर जाते. दोष लिहायच्या जागी मी दोनच ओळी लिहिल्या. कोणी केलं: चार फुटांपर्यंत वेणूबाई, त्याच्या वर त्यांचा भाऊ. कुठं अडलं: खिडकीला. तो कागद मी तिच्या जागेच्या बाजूला भिंतीवर लावला. पाहुण्यांच्या गाड्या आता विहिरीकडे लागतात, थोडी अडचण होते. बाबा संध्याकाळी चहा घेऊन तिथं जाऊन बसतात, कपाळ अजून आपटतात. परवा त्यांनी तो कागद ओठ हलवत पूर्ण वाचला आणि माझ्यावर वैतागले.

'वरचं माजं हाय असं कशाला लिवलंस? आता पडलं तर लोकं माजंच नाव घेतील.'

आणि घमेलं उचलून गिलाव्याची माती आणायला गेले.